होम थिएटरचा रिसीव्हर : ज्यांच्या घरी आहे, त्या काय म्हणतात?

‘खरेदीपूर्वी’ या सदरात आजवर आपण मिक्सर, गीझर, पाण्याचा फिल्टर अशा वस्तूंचा विचार केला. या वेळचा विषय तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पत्रातून सुचवला आहे आणि सुचवताना बहुतेकींचा सूर एकच : “आमच्याकडे ते येऊ घातलंय, मला त्यातलं काही कळत नाही, पण पैसे तर घरातलेच जाणार!” म्हणून ज्यांच्या घरी ही वस्तू आधीच येऊन बसली आहे, त्यांना आम्ही अनुभव कळवायला सांगितले. पत्रे भरभरून आली. त्यांतले निवडक अनुभव आणि त्यावरून निघणारे शहाणपण आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी वस्तूची ओळख. रिसीव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टेलिफोनचा कानाला लावायचा भाग येतो. हा रिसीव्हर निराळा. जुन्या मोठ्या टेपरेकॉर्डरएवढे, पण अंगाने चांगलेच जड असे हे चौकोनी यंत्र टीव्हीच्या खाली ठेवतात. डिशचा डबा, ब्लू-रे प्लेअर, मुलांचा व्हिडिओ गेम या सगळ्यांच्या वायरी आधी याच्यात येतात. चित्र ते टीव्हीकडे धाडते आणि आवाज मोठा करून खोलीत मांडलेल्या स्पीकरांना वाटून देते. पंगतीत वाढणारीने ज्याच्या त्याच्या पानात ज्याचे त्याचे वाढावे, तसेच हे समजा.

‘पाच पॉइंट एक’ असे जे खोक्यावर लिहिलेले असते, त्याचा अर्थही सोपा आहे. समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन स्पीकर, बसायच्या जागेच्या दोन बाजूंना किंवा जरा मागे दोन, आणि ‘पॉइंट एक’ म्हणजे ढोलासारखा घुमणारा सबवूफर. यांतल्या मधल्या स्पीकरला, म्हणजे सेंटरला, विसरू नका. आजच्या साऱ्या गोष्टीचा नायक तोच आहे.

पत्रांत निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे आहेत. एकीच्या घरी एक नग बिघडला म्हणून त्या कंपनीचे नाव छापणे रास्त नाही, तेव्हा तक्रारी नावाविना देत आहे. पण बेताच्या किमतीच्या रिसीव्हरमध्ये काय मिळते आणि काय मिळत नाही हे कळायला एक नमुना हवा. २०१८ साली आलेला यामाहाचा आरएक्स-व्ही ३८५ घ्या. पाच पॉइंट एकची सोय, चित्र-आवाजाच्या एचडीएमआय वायरी आत घ्यायला चार जागा आणि टीव्हीकडे जायला एक, फोनवरची गाणी ऐकायला ब्लूटूथ, आणि खोलीप्रमाणे आवाज आपोआप जुळवून घेण्यासाठी सोबत एक छोटा मायक्रोफोन, एवढे त्यात आहे. वाय-फाय नाही. छतातून आवाज आल्यासारखा वाटणारा डॉल्बी अ‍ॅटमॉस नाही. बेताच्या किमतीत कात्री लागते ती अशी. तुम्ही दुकानात जाल तेव्हा नंबर बदललेले असू शकतील, कंपन्या वेळोवेळी नवे नाव देतात. वैशिष्ट्ये तेवढी ताडून पाहा.

पहिल्या महिन्याचे मत आणि तिसऱ्या वर्षाचे मत

पत्रे वाचताना एक गंमत ध्यानात आली. ज्यांच्याकडे यंत्र नुकतेच आले आहे, त्यांची पत्रे म्हणजे निव्वळ कौतुक. “विमान डोक्यावरून गेल्यासारखं वाटलं,” “पावसाच्या प्रसंगात मी गॅलरीतले कपडे काढायला उठले,” असे एकेक मासले आहेत. हे खोटे नाही. चांगल्या आवाजाचा आनंद असतोच आणि तो मिळावा म्हणून तर खरेदी.

पण ज्यांच्याकडे दोन-तीन वर्षे झाली, त्यांच्या पत्रांतून विमान गायब आहे. त्या लिहितात बोलणे ऐकू येते की नाही याविषयी, रिमोटविषयी, वायरींविषयी आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंविषयी. दुकानात किंवा शेजारी कोणी “एकदम झकास आहे हो!” असे म्हणाले, तर आपण हळूच विचारावे, “किती दिवस झाले घेऊन?” आणि दुसरे विचारावे, “घरात लावतं कोण?” या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्या मताची किंमत ठरवावी.

“आवाज येतो गं, पण शब्द कळत नाही”

सर्वांत जास्त पत्रे या एका विषयावर आहेत. ठाण्याच्या एक भगिनी लिहितात, “सासूबाई पंच्याहत्तरीच्या. पूर्वी साध्या टीव्हीवर मालिका बघायच्या. एवढा खर्च करून हे आणलं आणि त्या आता म्हणतात, गडगडाट ऐकू येतो, माणसं काय बोलतात ते कळत नाही. त्या हल्ली मालिकेच्या वेळी आत जाऊन पडतात.”

वाचून वाईट वाटले. दिवाणखान्यात नवी वस्तू आली आणि घरातले एक माणूस उठून आतल्या खोलीत गेले, तर हा सौदा तोट्याचाच म्हणायचा. पण यात यंत्राचा दोष थोडा आणि मांडणीचा जास्त असतो.

कारण समजून घेऊ या. वय वाढते तसे आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येऊ लागतात. बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, पण स, श, फ, त यांसारखी व्यंजने उंच पट्टीत आणि नाजूक. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे कळते, पण ‘सात’ म्हटले की ‘हात’ म्हटले ते उमजत नाही. आपण आवाज वाढवतो, तसे पार्श्वसंगीत आणि मोटारींचे आवाजही वाढतात आणि शब्द पुन्हा त्यातच बुडतो.

आता आपल्या नायकाकडे वळू. चित्रपटातले संवाद मुख्यतः मधल्या, सेंटर स्पीकरमधून येतात. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरची पातळी स्वतंत्रपणे कमीजास्त करता येते. ‘स्पीकर लेव्हल’ या सदरात जाऊन फक्त सेंटर दोन-तीन अंकांनी वाढवा. बाकीचे तसेच राहू द्या. आमटीत तिखट जास्त झाले म्हणून कोणी भांडेभर आमटी वाढवत नाही, गुळाचा खडा टाकतो. हा तो खडा.

सेंटर स्पीकर कुठे ठेवला आहे तेही पाहा. काचेच्या दाराआड, फोटोच्या चौकटीमागे किंवा फडताळाच्या पोटात ठेवलेला सेंटर म्हणजे तोंडावर पदर घेऊन बोलणारी बाई! फळीच्या अगदी पुढच्या कडेला ठेवा, खाली असेल तर पुढून लाकडाची चीप देऊन बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे थोडा उचला.

ज्यांच्याकडे पाचऐवजी दोनच स्पीकर आहेत त्यांनी आणखी एक तपासावे. दोनच स्पीकर जोडायचे आणि यंत्राला ते सांगायचे नाही, असे फार घरी होते. यंत्र आपले इमानेइतबारे संवाद सेंटरकडे पाठवत राहते, आणि सेंटर तर घरात नाहीच! मग गाणी ऐकू येतात, बोलणे ऐकू येत नाही. ‘स्पीकर सेटअप’मध्ये सेंटरपुढे ‘नन’ असे निवडले की तेच संवाद डाव्या-उजव्या स्पीकरांना वाटून दिले जातात. कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींनी हा उपाय स्वतः शोधून काढला आणि लिहिले, “मेकॅनिक बोलवायच्या आधी पुस्तिका वाचली, फुकटात काम झालं.” शाबास!

रात्रीसाठी आणखी एक सोय बहुतेक यंत्रांत असते. मोठे आवाज दाबून आणि लहान आवाज उचलून सगळे एका पातळीला आणायचे. यामाहात तिला अ‍ॅडॅप्टिव्ह डीआरसी म्हणतात, इतरांत नाइट मोड किंवा असेच काही नाव दिसेल. ती चालू केली की मारामारीच्या प्रसंगाला रिमोटकडे धावावे लागत नाही.

इतके करूनही आजी-आजोबांना शब्द कळत नसेल, तर दोष यंत्राला देऊ नका. त्यांचे कान तपासून घ्या. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. गावोगावच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतही कान-नाक-घसा विभाग असतो. “वय झालं, चालायचंच” असे म्हणून माणसाला हळूहळू घरातल्या गप्पांतून बाहेर पडू देऊ नये. टीव्हीच्या निमित्ताने ऐकण्यातली अडचण वेळेवर लक्षात आली, तर यंत्राचे पैसे वसूल झाले असेच मी म्हणेन.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका

पूर्वी स्वस्त स्पीकरच्या खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजाराच्या घरातले आकडे छापलेले असत, आठवते ना? तो सारा फुगा होता. आता खोक्यावर वॅट लिहितात, पण तिथेही खुबी आहे. एका कंपनीचा आकडा एकच स्पीकर चालू असताना मोजलेला, दुसरीचा दोन, तिसरीचा भलत्याच हिशेबाने. आमच्या नमुन्यातल्या यंत्राचा आकडा ७० वॅट आहे, तो दोन स्पीकर चालवून मोजलेला. पाचही एकदम जोरात चालवले तर प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार.

आणि मुळात ७० आणि १०० यांतला फरक आपल्या कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात! आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत नेहमीच्या आवाजात ऐकताना एखाद-दोन वॅटवर काम भागते. तेव्हा तीस वॅट जास्त म्हणून जादा पैसे मोजण्यापेक्षा ते स्पीकरवर घाला. कान शेवटी स्पीकरच ऐकतात. जाणकारांचे मत असे, की रिसीव्हरला एक रुपया असेल तर स्पीकरांसाठी दीड-दोन राखावेत. रिसीव्हरच्या किमतीत स्पीकर येत नाहीत, हे तर आधीच विचारून घ्या. एकीचे अंदाजपत्रक तिथेच कोलमडले.

चार रिमोट आणि एक बाई

नागपूरच्या एक शिक्षिका लिहितात, “टीव्हीचा एक, डिशचा एक, प्लेअरचा एक, आणि हा चौथा. दुपारी मी एकटी असते तेव्हा बातम्यासुद्धा लावता येत नाहीत. चित्र येतं तर आवाज नाही, आवाज येतो तर चित्र नाही.”

यावर उपाय आहे. टीव्ही आणि रिसीव्हर दोघांत ‘एचडीएमआय कंट्रोल’ नावाची सोय असते, ती दोन्हीकडे चालू करावी लागते. टीव्हीत तिला कंपन्यांनी आपापली नावे दिली आहेत. सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक, एलजीत सिंपलिंक. शिवाय जोडणीची वायर टीव्हीच्या ज्या भोकाशी ‘एआरसी’ लिहिले आहे, त्यातच घाला. रिसीव्हरच्या बाजूलाही तसेच. मग टीव्हीच्या रिमोटने टीव्ही लावला की रिसीव्हर आपोआप सुरू होतो आणि आवाजही त्याच रिमोटने कमीजास्त होतो. दोन रिमोट तरी नक्की कपाटात जातील. काही यंत्रांवर ‘सीन’ अशी चार बटणे असतात, एक दाबले की डिश, दुसरे दाबले की प्लेअर. कोणते कशाचे ते त्यावर बारीक चिठ्ठी चिकटवून लिहून टाका. आपण डाळींच्या डब्यांवर नाही का लिहीत?

याच विषयावरचे पुण्याचे एक पत्र मी दोनदा वाचले. बाई लिहितात, “सगळं यांनी हौसेनं बसवलं होतं. प्रत्येक वायर कुठे जाते ते फक्त त्यांनाच ठाऊक. ते गेले, त्यानंतर आठ महिने मी ते यंत्र लावलंच नाही. दुःखाचं कारण होतंच, पण खरं सांगायचं तर मला लावता येत नव्हतं आणि कोणाला विचारायची लाज वाटत होती. शेवटी भाचीनं येऊन दोन तासांत सगळं कागदावर लिहून दिलं. आता मी रोज संध्याकाळी त्यांच्या आवडीची नाट्यगीतं लावते.”

मैत्रिणींनो, बँकेचे पासबुक, विम्याचे कागद, गॅसचा नंबर हे जसे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे, तसेच घरातले प्रत्येक यंत्रही. ‘ते त्यांचं खातं’ म्हणून बाजूला राहू नका. यंत्र बसवायला माणूस येईल त्या दिवशी हातातले काम ठेवा आणि शेजारी उभ्या राहा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदाची पट्टी चिकटवा : ‘डिश’, ‘प्लेअर’, ‘टीव्हीकडे’. एका पोस्टकार्डावर ओळीने लिहा, आधी काय दाबायचे, मग काय. आणि तो माणूस जायच्या आत एकदा सगळे बंद करून स्वतःच्या हाताने सुरू करून पाहा. तुम्हाला जमले नाही, तर काम पुरे झाले नाही असे समजा.

उष्णता, पाली आणि वळवाचा पाऊस

हे यंत्र चालू असताना चांगलेच तापते. त्याच्या वर जाळी असते ती ऊब बाहेर जायला. क्रोशाचा रुमाल आपण रेडिओवर घालायचो, टीव्हीवर घालायचो. याच्यावर मात्र नको! वर प्लेअर किंवा फुलदाणीही ठेवू नका. चारी बाजूंना वीतभर आणि डोक्यावर त्याहून थोडी जास्त मोकळी जागा हवी. बंद कपाटात ठेवल्यास ते तापून आपणहून बंद पडते, आणि आपल्याला वाटते बिघडले.

रत्नागिरीहून एकीने लिहिले आहे की उबेला पाल आत शिरली आणि आतल्या पट्टीवर मरून पडली, दुरुस्तीला बरेच पैसे गेले. कोकणात, गोव्यात ही काळजी घ्यावीच. महिन्यातून एकदा प्लग काढून मऊ ब्रशने जाळीवरची धूळ झाडा. ओले फडके फिरवू नका.

वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि डिशची किंवा केबलची वायरही डब्यातून काढून ठेवा. वीज त्या वाटेने येते आणि रिसीव्हरमधली एचडीएमआयची नाजूक जागा निकामी करते. ही दुरुस्ती महाग पडते आणि पुष्कळ कंपन्या विजेने झालेले नुकसान वॉरंटीत धरत नाहीत.

वायरींचा पसारा हा केर काढणारीचा शत्रू. मागच्या स्पीकरांच्या वायरी भिंतीच्या कडेने, खिळ्याच्या प्लॅस्टिक क्लिपांनी किंवा पट्टीतून न्या. पाच-सहा मीटरपर्यंत साधी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, सोन्याच्या भावाची वायर लागत नाही. मात्र टोकाची एकही तार सुटी राहून शेजारच्या टोकाला टेकता कामा नये, नाहीतर यंत्र लगेच बंद पडते. लाल तिथे लाल, काळी तिथे काळी. एखादी उलट झाली तर आवाज पोकळ येतो.

शेजारधर्म

उंच आवाज भिंतीपाशी थबकतो, पण सबवूफरचा घुमारा भिंतीतून आणि स्लॅबमधून थेट शेजाऱ्यांच्या अंथरुणापर्यंत जातो. आपल्याला इथे तो जेमतेम जाणवतो आणि खालच्या मजल्यावर भांडी थरथरतात. कोपऱ्यात ठेवला की घुमारा आणखी वाढतो, म्हणून सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा, त्याखाली जाड रबराचा तुकडा घाला, आणि रात्री त्याची पातळी उतरवा.

कायदाही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खाजगी यंत्राच्या आवाजालाही आपल्या जागेच्या हद्दीपाशी त्याहून फक्त ५ डेसिबलची सवलत आहे. पण कायद्यापर्यंत जायचेच कशाला? यंत्र आणले की पहिल्याच रविवारी वरच्या-खालच्यांना चहाला बोलवा, एक गाणे ऐकवा आणि म्हणा, “त्रास झाला तर हक्कानं सांगा हं.” पुढची निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

कोणी घेऊ नये?

खोली लहान, बसायची जागा भिंतीला चिकटलेली, मागे स्पीकर ठेवायला ठावच नाही, आणि घरात बातम्या-मालिकाच जास्त, अशा ठिकाणी टीव्हीखाली ठेवायची एकसंध लांब पट्टी, म्हणजे साउंडबार, पुरतो. त्यात वायरी कमी आणि कटकट कमी. भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणाऱ्यांनाही तोच बरा.

रिसीव्हरच्या बाजूने एक मोठी गोष्ट मात्र आहे. यात एक स्पीकर बिघडला तर तेवढाच बदलता येतो. आज दोन, पुढच्या दिवाळीला सेंटर, त्यानंतर मागचे दोन, असे भिशीच्या पैशांतून सवडीने जमवता येते. पट्टीत बिघाड झाला की बहुधा सगळीच बदलावी लागते. म्हणून मोठी खोली, गाण्याची आवड आणि स्वतःचे घर असेल त्यांनी रिसीव्हर घ्यायला हरकत नाही. घ्यायचा तर सुरुवात डावा, उजवा आणि सेंटर या तिघांपासून करावी.

पैसे मोजण्यापूर्वी

१. दुकानदार विमानांचा आणि स्फोटांचा चित्रपट लावील. तो बंद करायला सांगा. बातम्या किंवा संवादाची मालिका लावा, आवाज बेताचा ठेवा आणि शब्द कळतो का ते पाहा.

२. शक्य असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्या. त्यांना कळले तर सगळ्यांना कळेल.

३. रिमोट स्वतःच्या हातात घ्या. दोनदा सांगूनही उमगले नाही, तर दुसरे यंत्र पाहा.

४. गावात किंवा जवळच्या शहरात दुरुस्ती केंद्र आहे का, ते विचारा. स्वस्तात मिळणाऱ्या चोरट्या आयातीच्या मालाला भारतातली वॉरंटी नसते.

५. पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घ्या. तक्रार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या गावी असले तरी.

६. सोबत आलेला मायक्रोफोन हरवू नका. आवाज जुळवताना तो आपल्या बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवा. पंखा बंद, कुकर बंद, आणि पाच मिनिटे घरात कोणी बोलायचे नाही!

थोडी पत्रोत्तरे

प्रश्न : जुन्या होम थिएटर सेटचे स्पीकर नव्या रिसीव्हरला चालतील का? (सांगली)

उत्तर : स्पीकरच्या पाठीमागे ‘ओहम’चा आकडा पाहा. ६ किंवा ८ असेल तर बहुधा चालतील. जुन्या सेटचे पुष्कळ स्पीकर ३ किंवा ४ ओहमचे असतात. ते लावल्यास रिसीव्हरवर ताण येतो. मोह टाळा.

प्रश्न : दीर अमेरिकेतला त्यांचा रिसीव्हर देणार आहेत. आणू का? (बडोदे)

उत्तर : तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. पाठीमागे दोन्ही लिहिले नसेल तर थेट लावला की जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, तो जड असतो आणि त्याची किंमतही धरा. इथे वॉरंटी नसणार. प्रेमाची भेट आहे, पण हिशेब करून मगच हो म्हणा.

प्रश्न : फोनवरून अभंग लावले की ते विहिरीतून आल्यासारखे वाटतात. (मडगाव)

उत्तर : यंत्रावर ‘हॉल’ किंवा तसाच काही परिणाम लावलेला असणार. जुन्या ध्वनिमुद्रणाला तो मानवत नाही. ‘स्टिरिओ’ निवडा, आवाज समोर येईल.

पत्रे वाचून माझ्यापुरत्या दोन कसोट्या ठरल्या, त्या सांगून पुरे करते. घरात ज्याला सगळ्यांत कमी ऐकू येते, त्याला शब्द कळला पाहिजे. आणि ज्याला यंत्रातले सगळ्यांत कमी कळते, त्याला ते एकट्याने लावता आले पाहिजे. या दोन्हींना जे उतरेल ते यंत्र चांगले, मग खोक्यावरचा आकडा काही का असेना.

पुढच्या अंकात ‘खरेदीपूर्वी’मध्ये इस्त्री : वजनदार की वाफेची? आपले अनुभव जरूर कळवा, आणि किती वर्षे वापरता आहात ते लिहायला विसरू नका.